कानाडोळा

डॉन एलेउतेरिओ ओयार्सून पियानो जुळवतात.
वाल्पाराइसोच्या एका टेकडीवर,
एकशे बासष्ट पायऱ्या चढून त्यांचं पत्र्याचं घर.
पायऱ्या त्यांना पाठ आहेत. एकोणनव्वदावी फुटकी,
तिच्यावर कुत्रा झोपतो.

लॅपटॉप पाठीला लावून मी चढले,
कारण दवाखान्याची नवी साइट मी बांधली होती
आणि ते फोनवर म्हणाले होते, अगदी सौजन्यानं,
"पोरी, तुझ्या उंबऱ्यापर्यंत आलो. दार सापडलं नाही."

त्यांचा संगणक बोलायला लागला
तो इतका भरभर, की मला शब्द नव्हे,
पत्र्यावर वाळू पडल्यासारखं ऐकू आलं.
"थांब," ते म्हणाले, "तुझ्यासाठी हळू करतो."
मग माझंच पान मला सावकाश, स्वच्छ आवाजात म्हणालं:

बटण.
बटण.
बटण.
चित्र, शून्य चार चार सात.
बटण.

मी म्हटलं, ते तिसरं बघा, वेळ घ्यायचं, हिरवं.
"हिरवं," ते म्हणाले,
आणि तार ठोकून कान द्यावा
तसे त्या शब्दानंतर गप्प राहिले.

खोलीत कुणाचातरी पियानो पोट उघडून उभा होता.
त्यांनी एक पट्टी दाबली. पुन्हा तीच. पुन्हा तीच.
"समज, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांना कुणी
अठ्ठ्याऐंशी रंग दिले
आणि आत सगळीकडे ही एकच तार ओढली.
तू म्हणशील, काय देखणा पियानो."

खरं सांगायचं तर मला माहीत होतं.
बटणांना नावं द्यायची, हे कामांच्या यादीत होतं,
तळाला, "जमल्यास" या शब्दासमोर.
निवडलेल्या जागेभोवतीची निळी चौकट मीच पुसली,
फाबियोला म्हणाली ती दिसायला वाईट दिसते म्हणून.
फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर मीच पसरली,
बंदरावर सकाळचं धुकं असतं तशी.
कानाडोळा म्हणतात याला,
आणि तो करायला कान आणि डोळा
दोन्ही शाबूत असावे लागतात.

"वेळ कशासाठी हवीय?" मी विचारलं. आधी विचारायला हवं होतं.
"कानासाठी," ते म्हणाले. "डावा.
एप्रिलपासून वरचे सूर लाकडासारखे वाजतात."

नंतर आम्ही फारसं बोललो नाही.
मी नावं देत गेले, ते ऐकत गेले:
वेळ घ्या. तारीख बदला. मागे.
दोन मिनिटांत बाहेर काढणारं घड्याळ काढून टाकलं,
कोण पळत येणार आहे असं मला वाटलं होतं, कुणास ठाऊक.
"आणि त्या चित्रात काय आहे?"
एक बाई आहे, पांढरा कोट, हसतेय.
"आपल्या दवाखान्यातली?"
नाही. विकत मिळते.
"मग ती काय करते तिथे?"
मला सांगता येईना. तिलाही काढलं.

दिवे लागायच्या सुमाराला त्यांनी कपाटातून
एक पट्टी आणली, ब्रेलची, नवी कोरी,
अजून खोक्याचा वास येत होता तिला.
"पुढची सोय," एवढंच म्हणाले.
माझे शब्द टाचण्यांच्या टोकांवर वर आले,
बसले, पुन्हा वर आले,
आणि त्यांचं बोट चालत राहिलं,
घाई नाही, पाऊल चुकत नाही.
एका जागी थांबलं.

"कानाच्या डॉक्टरच्या लांबलचक नावात
एका अक्षराच्या डोक्यावरची रेघ राहिलीय."

तीन लोकांनी तपासलेलं पान होतं ते. डोळ्यांनी.
मी रेघ दिली. त्यांना मंगळवार मिळाला, सव्वादहाचा.

उतरताना अंधार होता.
खालून एकोणनव्वदावी म्हणजे वरून कितवी,
हे गणित मला पायऱ्यांवर काही जमेना.
शेवटी कुत्र्यानंच गुरगुरून सांगितलं:
इथे.