ओ

तळघरात सीटी, वर कॅज्युअल्टी.
मध्ये एक रॅम्प, चौदा पायऱ्या
आणि इंटरकॉम. त्याचा चार नंबर दाबला जात नाही,
मी पेनाचं टोपण खुपसून दाबते.

फॉर्म रॅम्पवरून येतो, माणसाच्या छातीवर ठेवलेला.
त्यावर एकच शब्द असतो : डोकं. किंवा : पोट.
कसा पडला, कधी, कुठे दुखतंय, ती ओळ कोरी.
विचारायला फोन केला तर वरचे म्हणतात,
तुम्ही फोटो काढा ना.
आणि वरून फोन आला, रिपोर्ट कुठाय,
तर मी म्हणते, अजून तिघं आहेत रांगेत.
अकरा वर्षं एका छपराखाली
भाऊबंदकीतल्या दोन चुलींसारख्या नांदलो.

भागवत गांगुर्डे आला पहाटे पावणेतीनला.
फॉर्म : डोकं.
बनियनला टोमॅटोच्या बिया चिकटलेल्या,
म्हणजे पंचवटीचं मार्केट यार्ड, इतकं मला कळलं.
टेम्पोच्या टपावरून क्रेटसकट पडला, हे
वॉर्डबॉय निवृत्तीला ठाऊक होतं.
त्याला कुणी विचारलं नव्हतं.

डोकं स्वच्छ होतं.
पण अगदी खालच्या चित्रात,
डोकं संपून मान सुरू होते तिथे,
हाडाच्या कड्यात केसाएवढी काळी रेघ.
डॉ. शहाणे इंदिरानगरहून मोबाईलवर बघत होते.
मान हलवू देऊ नका. वर कळवलं?
फोन केलाय सर, वाजतोय.
वाजणं म्हणजे कळवणं नाही, छायाताई.

मी अनवाणी रॅम्प चढले.
डॉ. तेजल त्याला पाणी पाजायला उठवत होती,
हात पाठीखाली गेलेला.
मी एवढंच ओरडले : मान!
तिनं का म्हणून विचारलं नाही.
हात काढून घेतला,
झोपलेल्या बाळाखालून काढतात तसा.

पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नव्हतं.
आमच्याकडून माणसं वर जातात,
बातम्या खाली येत नाहीत.
दीड महिन्यानं तेजल स्वतःच उतरून आली :
त्याचा पट्टा निघाला.
मग आम्ही भांडलो, अकरा वर्षांचं सगळं काढून.
चहावर साय धरली.

सिडकोच्या गॅलरीतून आई मला हाक मारायची.
ऐकू आलं होतं गं, हे तिला चालायचं नाही.
ओ दिली नाहीस ना, म्हणायची,
मग मी हाक मारलीच नाही असं समज.

आता फॉर्मवर असतं :
टपावरून, सात फूट, मान दुखते, उलटी एकदा.
अक्षर डॉक्टरचंच, पण वाचता येतं.
मी फोनवर सांगते ते तेजल मला परत म्हणून दाखवते,
शब्द न् शब्द, वेळेसकट.
नवी पोरं हसतात. हसू देत.
निवृत्तीलाही विचारतो, काय पाहिलंस.

चार नंबर अजून दाबला जात नाही.
वर अर्ज दिलाय, तीनदा.
ओ आलेली नाही.