डावीकडे जागा सोड

जेम्सटाउनच्या दीपगृहाखाली, पत्र्याच्या दुकानात
आयितेई पाट्या रंगवतो.
न्हाव्यांच्या, शवपेट्या करणाऱ्यांच्या,
आणि होड्यांच्या कडेवर देवाचं नाव
किंवा रुसलेल्या बायकोचं.

सरकारचं पहिलं काम आलं ते पुराच्या वर्षी.
पाटी होती: तात्पुरते मदत कार्यालय.
त्याने स्वस्तातला रंग काढला, सहा महिने टिकेल असा.
साहेब म्हणाला, छे, इनॅमल लाव.
वीस वर्षं उन्हात फिकी पडता कामा नये.
आयितेई हसला.
तेव्हा हसण्याला परवाना लागत नव्हता.

मग पाट्या येतच राहिल्या.
मासळीच्या वजनाचं खातं.
वजनाच्या तपासणीचं खातं.
तपासणीविरुद्धच्या तक्रारींचा आयोग,
त्याच इमारतीत, त्याच जिन्यावर, कुलूपबंद.
अध्यादेशाची मुदत शुक्रवारी संपायची
आणि गुरुवारी रात्री वाढायची,
इतकी मुकाट, की पाहिलंच असेल कोणी
तर रस्त्यावरच्या बकऱ्यांनी.

दुकान बरं चाललं, हे तो लपवत नाही.
मुलीचं नर्सिंग त्या पाट्यांवरच झालं.
पोट भरलं की अक्षरं नुसती अक्षरं होतात, म्हणतो,
अर्थ कोणीतरी दुसरा वाचेल असं वाटतं.

तो दुसरा कोणीतरी म्हणजे मिसेस लाम्प्टे.
गणिताच्या बाई, निवृत्त, गुडघे गेलेले,
सगळी पुंजी सरकारी रोख्यांत.
माझ्या भिंतीवर लिही, म्हणाल्या,
देशावर कर्ज किती, आणि माणशी किती.
दर सोमवारी आकडा बदल.
आणि हे बघ, डावीकडे जागा सोड.
किती?
तुला वाटते त्याहून जास्त.

त्याने दोन अंकांची सोडली.
पुरली नाही. एक फळी ठोकली, मग आणखी एक.
आकडा सरकत सरकत खिडकीपाशी आला
तेव्हा बाईंनी खिडकी लावून घेतली
आणि दिवसाही दिवा लावून बसू लागल्या.

त्यांना पत्र आलं:
देशहितास्तव व्याज पुढे ढकलले आहे.
बाईंनी लाल पेनाने त्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या,
प्लास्टिकची खुर्ची उचलली
आणि अर्थखात्याच्या फाटकाशी जाऊन बसल्या,
इतर म्हाताऱ्यांच्या रांगेत, टोपीखाली ओला रुमाल.
फाटकावरची पाटी आयितेईचीच.
ऊन खाऊनही लखलखीत.

मग टेप घेऊन एक पोरगा आला,
फलक-नियंत्रण कार्यालयाचा.
(ती पाटीही याचीच. बिलाऐवजी कागद मिळाला,
पंधरा वर्षांनी वटणारा.)
भिंत तुमची आहे, तो म्हणाला,
पण भिंतीकडे बघणारा रस्ता सरकारचा.
बाईंनी विचारलं, आकडा खोटा आहे?
आकड्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही, मॅडम.
रुंदीबद्दल आहे.

गेल्या आठवड्यात आयितेईला नात झाली.
आठव्या दिवशी, उजाडण्याआधी, अंगणात
उघड्या जमिनीवर तिला निजवलं,
छपरावर उडवलेलं पाणी
तिच्या पोटावर ठिबकलं, ती किंचाळली,
आणि मग नाव मिळालं: देदेई.
आमच्यात नाव आठव्या दिवशी ठेवतात, आयितेई म्हणाला,
वाटा मात्र पहिल्याच दिवशी ठेवलेला असतो.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणे.
यांनी पसरलेत, आणि अंथरूण या पोरीचं,
अजून विणायचंय.

सोमवारी तो शिडी घेऊन बाईंकडे गेला.
दंडाची नोटीस दाराला चिकटवलेली.
शिडीवरून त्याने विचारलं,
बाई, एक माणूस वाढलं,
तर माणशी आकडा कमी व्हायला हवा ना?

बाईंनी गणित केलं. कागदावर, पूर्ण, पायऱ्यांसकट.
होतो, म्हणाल्या.
पण तुझ्या ब्रशला दिसेल एवढा नाही.

खाली रस्त्यावर तो पोरगा उभा होता, टेप उघडून.
आयितेईने ब्रश बुडवला.
शेवटून नाही,
डावीकडून सुरुवात केली.