दोन गुणांचं रूपक

शेवटचा तास. फळ्यावर मी लिहिलेलं:
धूर म्हणजे शाल, माती म्हणजे आई,
तांबडं फूल म्हणजे अर्थातच रक्त.
इंग्रज कवींचं युद्ध परीक्षेला येतं,
दर रूपकाला दोन गुण.

प्रणोती मगदूम, टाकळीहून एसटीनं येणारी,
वहीतली झेरॉक्स घेऊन पुढं आली.
खापरपणज्याचं पत्र. बसऱ्याहून,
दुसऱ्याच्या अक्षरात.
कोपऱ्यात साहेबाचा शिक्का: तपासलं.

'इकडे गुऱ्हाळ जोरात आहे.
घाणा रात्रीही थांबत नाही.
आपल्या गावचा ऊस बहुतेक गाळून झाला,
चिपाडं टाकण्यास जागा नाही.
कोवळा ऊस तोडू नये,
एवढे आबास सांगणे.'

साहेबाला गुळाशी काय देणंघेणं.
आणि आबा म्हणाला, बरं झालं,
पोरगं ओळखीच्या कामाला लागलं.
धाकटा दिवाळी करून गेला.
अठरा सांगितलं. सोळाचा होता.

"सर, ह्याला किती?"

मी डस्टर शोधत राहिलो,
ते हातातच होतं.
पंचगंगेकडनं वारा आला,
काहिलीत रस उकळायला लागला की
जसा वास येतो
तसा

हा शब्द मला वर्गात उच्चारता येईना.