खुंटीवरची टोपी

दिएपच्या धक्क्यावर उतरले तेव्हा जवळ एक सुटकेस होती
आणि शाळेतलं गंजलेलं फ्रेंच.
ओदील म्हणाली, वरची खोली तुझी, जिना जपून.
बाजारची यादी मात्र आमच्या भाषेत लिहायची.

लिहीत गेले. परके म्हणून जपून उच्चारलेले शब्द
ओळखीचे निघू लागले.
तिकीट : कधीकाळी इथेच कुठेतरी डकवलेली चिठ्ठी.
बजेट : इथलीच चामड्याची पिशवी,
खाडी ओलांडून गेली, आकडे भरून परत आली,
आता आईलाही ओळख देत नाही.

परसातल्या पिवळ्या फुलाला मी म्हटलं, डँडेलायन.
सिंहाचा दात. तुमचाच ना शब्द?
ती हसत सुटली. अगं, आम्ही त्याला
अंथरूण-ओलं म्हणतो,
पाला खाऊन बघ, रात्री कळेल.
सिंह तुम्ही नेलात. असू दे. सांभाळा.

रोज झोपण्याआधी ती निखाऱ्यांवर राख ओढायची
आणि म्हणायची, हा बघ, कर्फ्यू.
विस्तव झाका. एवढाच अर्थ होता.
बंदुका नंतर आल्या.

एका रात्री वही तपासताना तिची लाल पेन्सिल अडली.
टोपी विसरलीस. ओच्या डोक्यावर.
कोत. किनारा.
हवी कशाला ती टोपी? मी वैतागले होते.

इथे एक स होता, ती म्हणाली.
लोक म्हणेनासे झाले. आधी नुसता श्वास उरला,
मग तोही नाही.
पण कुणी होतं, एवढं तरी दिसायला नको?

दाराकडे तिने पाहिलं नाही.
खुंटीवर आँसेल्मची निळी टोपी,
एकोणीस हिवाळे तिथेच,
दर शनिवारी झटकलेली.

तुमच्यात आहे ना तो अजून? म्हण बघू.
कोस्ट, मी म्हटलं.
परत.
कोस्ट. फॉरेस्ट. बीस्ट. हॉस्पिटल.
ती डोळे मिटून ऐकत राहिली,
पलीकडच्या बंदरात कुणाला तरी
कुणीतरी पाहिलंय म्हणे, तसं.

खिडकी उघडीच होती. ओहोटी लागलेली.
पाणी मागे सरताना गोट्यांमधून
तोच आवाज ओढत नेत होतं.

मग तिने वही पुढ्यात घेतली
आणि माझ्या ओवर स्वतःच टोपी ठेवली.
जराशी तिरकी.
तो तशीच घालत असावा.