पाणी जोखणे

टोर्सहावनला जानेवारीत उजाडतं पावणेदहाला.
तोवर माझ्या तिन्ही बरण्या भरून झालेल्या असतात.
बाहेर चार अंश आणि वारा,
बरण्या पंचवीस अंशांच्या उबेत,
आमच्यापेक्षा सुखात.

पाणी साधं नाही. दोन दिवस ऑक्टॅनॉल पिऊन
आणखी नको म्हणेपर्यंत भरलेलं.
आणि ऑक्टॅनॉल तसंच, पाणी पिऊन.
एकमेकांची चव आधी घेतल्याशिवाय
त्यांना एका भांड्यात नांदवता येत नाही, सुन्वा म्हणायची,
निवृत्त होईपर्यंत म्हणत राहिली.

ऑक्टॅनॉलचा वास: संत्र्याच्या सालीला मेण फासावं तसा.
हातावर सांडलं तर रात्रीच्या सुपापर्यंत सोबत करतं.
इथे ते चरबीचं सोंग घेऊन बसलंय,
कॉड माशाच्या, पफिनच्या, देवमाशाच्या,
माझ्याही.

ओतायचं काचेच्या कडेने,
खालच्या पाण्याला पत्ता लागू नये असं.
मग चुंबकाची कांडी, इतकी हळू
की वरची खळी बोटाच्या पेराएवढीही खोल जाऊ नये.
एयुनने घाई केली होती. फ्लास्क घेतला नि घुसळला,
ताक करायला निघाल्यासारखा.
पाण्यात डोळ्याला न दिसणारा एकच थेंब तरंगत राहिला
आणि आकडा दहापट खोटा आला.
तीन आठवडे. तेलही गेलं, तूपही गेलं.

म्हणून थांबायचं.
पहिला दिवस, दुसरा दिवस.
खालच्या तोटीतून नमुना घ्यायचा,
पहिले पाच मिलिलिटर फेकून द्यायचे.
तिसऱ्या दिवशी आकडा कालच्यासारखाच आला
तर हुश्श म्हणायचं. नाही आला तर चौथा दिवस.

जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं हे रसायन.
नाव वहीच्या ओळीत मावत नाही,
आम्ही त्याला नुसतं 'पाहुणा' म्हणतो.
वर किती गेला हे सोपं, तो तिथे गर्दीने असतो.
खरी कसोटी खाली:
पाण्यात उरलेला, लाखात एक.
कुणाच्या लेकीचं कौतुक नव्हे हे.
यंत्राच्या कागदावर सुईच्या टोकाएवढा उंचवटा,
त्यासाठी लिटरभर पाणी आटवायचं.

लॉगॅरिदम ५.०३.

रविवारी ह्वालविकला बाबांकडे गेले.
वाऱ्याच्या खोपटात त्यांचा वाटा टांगलेला,
उन्हाळ्यातल्या देवमाशाचा.
टेबलावर बटाटे, सुका मासा,
आणि चरबीच्या पांढऱ्या चकत्या,
ज्या खाऊ नका असं डॉक्टर दोनदा सांगून गेले.

"मग? निघाला का आकडा?"
पाच पूर्णांक शून्य तीन, मी म्हटलं.
त्यांनी जन्मभर दोरीला शिसं बांधून खोली मोजलेली.
पाच त्यांना उथळ वाटलं.
मग मी सांगितलं: चरबीत लाख तेव्हा पाण्यात एक.

ते चाकू पुसत राहिले. चाकू स्वच्छच होता.
मला वाटलं, आता लाखाबद्दल विचारतील.
म्हणाले, "तो एक का राहिला मागे?"

मला पाठ असलेलं सगळं खोटं नव्हतं,
पण या प्रश्नाला बसत नव्हतं.
कुणी राहत नाही, बाबा, मी म्हटलं शेवटी.
खालचा वर जातो, वरचा खाली येतो,
क्षणोक्षणी, तिसऱ्या दिवसानंतरही.
आपल्याला वाटतं थांबलं.
थांबतो तो फक्त हिशेब.

"भरती-ओहोटीच्या मधल्या पाण्यासारखं," ते म्हणाले,
आणि मी अकरा वर्षं पाणी जोखते तरी
हे मला सुचलं नव्हतं.

मग त्यांनी चकती कापली.
नेहमीपेक्षा पातळ.
की मला तसं वाटलं.
मोजली नाही.