इतिवृत्त

हर्गेसाच्या पालिकेत मी कारकून.
सभेत कोण काय बोललं, ते उतरवून घेतो.

आज पाणीपट्टीवर सुनावणी. सगल उठली,
उंटिणीच्या दुधाचा डबा पायाशी ठेवून,
आणि थेट कविताच म्हणू लागली.
ओळीओळीला द.
दुष्काळ, दांडगाई, दार.
एकदाही अक्षर सांडलं नाही तिचं.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.
"मुद्दे लेखी द्या, बाई."

माझ्या बापाचं, वारसमेचं, कॅसेटचं दुकान होतं.
विहिरीवरून दोन कुळांत तंटा पेटला की
एक कवी डिवचायचा, दुसरा
त्याच अक्षरात उत्तर धाडायचा
ट्रकवाल्यांच्या खिशातून.
बाप पेन्सिलीने फीत गुंडाळी,
रात्रभर प्रती काढी.
उत्तर येईस्तोवर
बंदुका भिंतीला टेकून असत.

नेहमीच नाही.
काका एका ओळीपायी गेला.
ओळ चांगली होती, असं बाप म्हणे.

मागच्या बाकावरच्या पोरांनी सगलला फोनवर टिपलं.
संध्याकाळपर्यंत गावभर झालं,
अंगठ्यांवर अंगठे पडले.
उत्तर कुणी दिलं नाही.

मी लिहिलं:
"एका महिलेने कविता म्हटली.
पुढील विषय: कचरा."

रात्रीचे दोन वाजलेत
आणि द सुटत नाहीये जिभेवरून.
दप्तर, दस्त, दरमहाचा पगार…
पालिका एक उत्तर देणं लागते तिचं.

पहिल्या ओळीवरच अडलोय.