खडूची रेघ

कुडाळच्या त्या थंडगार बाजारातून
फरशी पुसायच्या दोन बाटल्या आणल्या.
एक एकोणसाठची, दुकानाच्याच नावाची,
लेबल तिरकं, झाकण धरताच निसटणारं.
दुसरी दोनशे चाळीसची.
तिच्यावर एक बाई, पांढरीशुभ्र साडी,
फरशीत स्वतःचं तोंड बघतेय.
(फरशी पुसताना कोण नेसतं पांढरं?)

बिलावर नणंदेची मृणाली बसते.
हळूच म्हणाली, "मामी, दोनय एकाच टाकीतसून भरतत
असां लोक म्हणतत."
लोक काय, पुष्कळ म्हणतात.
आमच्या बांवीचं पाणी गोडं आहे असंही म्हणतात,
एप्रिलात त्यात साबण घालून बघा म्हणावं,
फेस धरतो का.

मालवणला आले, पावण्यांची खोली रिकामी होती.
पोराच्या दप्तरातला खडू घेऊन
मधोमध रेघ ओढली.
डावीकडे स्वस्त. उजवीकडे महाग.
दोन्हीकडे सारखेच तीन डाग पाडले:
कोकमाचं आगळ, बांगड्याचं तेल, अंगणातली तांबडी माती.
बावीस वर्षं डाग काढत आले,
मुद्दाम पाडलेले हे पहिलेच.
हसू आलं मला, एकटीलाच.

डावं फडकं डाव्या हातानं पिळलं, उजवं उजव्या.
चाचणी म्हणजे चाचणी.

आगळ दोन्हीकडे गेलं.
तेलाला डावीकडे दोनदा हात मारावा लागला.
तांबडी माती मात्र कुणालाच बधली नाही,
लाद्यांच्या फटीत जाऊन बसली
माहेरी आल्यासारखी.
वास म्हणाल तर
डावीकडे लिंबाच्या गोळीचा,
उजवीकडे फुलांचा, पण कुठल्या?
सुरंगीचा नव्हे, ओवळीचाही नव्हे,
कधी झाडावर न लागलेल्या फुलांचा.

तेवढ्यात घोव होडीवरून आला,
ओल्या पायांनी थेट रेघेवरून.
"ह्यां काय मांडलंस? सारीपाट?"
आणि टोपली ठेवली, उजव्या बाजूला.

संध्याकाळी इचलकरंजीचे पावणे उतरले.
बाई दारातच थबकल्या, "किती चकचकीत ठेवता हो!"
एक पाय डावीकडे, एक पाय उजवीकडे.

रात्री सुरमईला मीठ चोळत होते
आणि डाव्या हाताच्या बेचक्यांत
सुया टोचाव्यात तसं झोंबलं.
उजवा गप्प.
चुलीपाशी बसून दोन्ही तळवे उजेडात धरले.
एकशे एक्याऐंशी रुपयांचा फरक
फरशीवर शोधत होते दिवसभर.

आता हुशारी सांगते माझी.
स्वस्तातला पाच लिटरचा कॅन आणते,
महागाच्या रिकाम्या बाटलीत ओतते
आणि पावण्यांच्या न्हाणीघरात ठेवते,
साडीवाली बाई समोर येईल अशी.
कुणी विचारतं, कुठली हो ही, वास छान आहे.
मी म्हणते, कुडाळला मिळते.
खोटं नाही ते.
माझ्या हातांना तेल चोळते खोबरेल, निजताना,
दर हंगामाला दोन बाटल्या जातात त्याच्या,
तो हिशेब मी कधी मांडला नाही.

या मे महिन्यात मदतीला एस्तेल आली,
डिसोझांची, अठरा पुरी नाहीत.
नर्सिंगला जायचंय तिला,
सुट्टीत चार पैसे जमवते.
बादली भरली, कॅनकडे हात नेला तिनं.
मी म्हटलं, तो नको.
कपाटातून खरी बाटली काढली, न फोडलेली.
"थोडीच घाल गो, म्हाग आसा."
ती वाकली. वेणी पुढे आली.
बोटं अजून अख्खी, नखांत ऊन.
"घाल," म्हटलं, "आणखी एक झाकण घाल."

मग वही उघडून दोनशे चाळीस लिहिले.
कशापुढे लिहायचे ते सुचेना,
तसेच ठेवले.